रयतेचे अर्ज संपतात तेव्हा

मराठवाडा मुक्तिसंग्रामावर शाळेत निबंध लिहायला सांगितला, की पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते: निजामाच्या अन्यायाला जनता कंटाळली आणि तिने उठाव केला. हे वाक्य खोटे नाही, पण त्यातून फारसे काही उलगडतही नाही. निजामांच्या आसफजाही घराण्याची सत्ता १७२४ पासून १९४८ पर्यंत टिकली आणि अन्याय या सगळ्या काळात होताच. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आणि पुन्हा १८९९-१९०० च्या दुष्काळात या मुलखात माणसे आणि जनावरे मेली, शिवारे उजाड झाली, पण सिंहासन जागचे हलले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी नांदेडकडच्या भागात नोवसाजी नाईकांनी हटकरांना बरोबर घेऊन मोठे बंड केले, पण ते त्या परिसरापुरतेच राहिले आणि मोडून काढले गेले. जे दोनशे वर्षांत घडले नाही ते १९३८ ते १९४८ या एका दशकात का घडावे, हा प्रश्न मला अनेक वर्षे सोडत नाही. केवळ दुःखाच्या परिमाणाने त्याचे उत्तर मिळत नाही. दुःख त्याआधीच्या पिढ्यांनीही तेवढेच, कदाचित अधिक सोसले होते.

हैदराबाद संस्थान हे हिंदुस्थानातले सर्वांत मोठ्या लोकसंख्येचे संस्थान होते. ब्याऐंशी हजार चौरस मैलांहून अधिक क्षेत्र, १९४१ च्या खानेसुमारीत एक कोटी त्रेसष्ट लाख माणसे, आणि तेलुगू, मराठी, कानडी, उर्दू अशा चार प्रमुख भाषा. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी मुलखातले पाच जिल्हे. जमिनीची व्यवस्था एकसारखी नव्हती. काही जमीन दिवाणी, म्हणजे थेट सरकारी अंमलाखालची, काही जागीरदारांची, आणि सुमारे दहावा हिस्सा सर्फ-ए-खास, म्हणजे ज्याचे उत्पन्न निजामाच्या खाजगी खर्चाला जाई असा. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन गावांचे धनी वेगळे, सारा वेगळा, आणि तक्रारीही वेगळ्या. एका गावाला जागीरदाराची वेठ जाचत असे, दुसऱ्याला पटवाऱ्याची लेखणी, तिसऱ्याला करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरची झडती. अशी विखुरलेली रयत एका राजाविरुद्ध एकत्र येत नाही, कारण तिला राजा दिसतच नाही. तिला पाटील दिसतो, गिरदावर दिसतो, अमीन दिसतो. माझी आजी म्हणायची, ‘सरकार लई लांब हैद्राबादला हुतं, अमीन मातूर दारात.’

राजसत्तेचा खरा तट या अंतरात असतो, असे मला वाटते. मधला अंमलदार नाडतो, पण वरचा धनी दयाळू आहे आणि त्याच्या कानावर गेले तर तो न्याय करील, या श्रद्धेवर राजे पिढ्यान्‌पिढ्या सुखाने राज्य करतात. आमच्या घरी जमिनीच्या जुन्या कागदांचे एक गाठोडे आहे. मराठवाड्यातल्या पुष्कळ घरांत ते असते: काही कागद मोडीतले, बरेचसे उर्दूतले, तारखा फसली सनाच्या. त्यांत एका अर्जाची नक्कल आहे. गावच्या ओढ्याकाठची एक पट्टी पटवाऱ्याने दुसऱ्याच्या नावे चढवली, ती परत आमच्या नावे व्हावी एवढीच त्यातली मागणी. ओळख असलेल्या एका मौलवींकडून मी तो वाचून घेतला तेव्हा लक्षात आले, की अर्धा कागद मायन्याने भरला आहे. अर्जनवीसाने तालुक्याच्या साहेबाला उद्देशून लिहिताना त्याच्यावरच्या साहेबाचा, त्याच्यावरच्या खात्याचा आणि अखेरीस खुद्द हुजुरांच्या न्यायबुद्धीचा गौरव केला आहे, आणि मग चार ओळींत पट्टीची हकिकत. कोपऱ्यात पणजोबांचा अंगठा. त्या माणसाला स्वतःच्या नावाचे अक्षर येत नव्हते, अर्जाची भाषा येत नव्हती, तरी त्याने कोस कोस चालत जाऊन पैसे मोजून तो लिहून घेतला होता. एवढा विश्वास असलेला माणूस बंड करीत नाही. जोवर अर्ज करावासा वाटतो, तोवर राज्य सुरक्षित असते.

दूरच्या रशियात जानेवारी १९०५ मध्ये हेच फार स्पष्टपणे दिसले. पीटर्सबर्गचे कामगार झारकडे गाऱ्हाणे घेऊन निघाले तेव्हा त्यांच्या हातांत देवांच्या तसबिरींबरोबर झारचीही चित्रे होती. त्यांना सिंहासन पाडायचे नव्हते, त्यांना सिंहासनापर्यंत पोहोचायचे होते. सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि ‘वर कोणीतरी ऐकणारा आहे’ ही समजूत त्या रविवारी मरण पावली. बारा वर्षांनी, १९१७ मध्ये, पावासाठी रांगा लावणाऱ्या बायका रस्त्यावर उतरल्या आणि त्यांच्यावर गोळ्या झाडायला खुद्द पलटणींनीच नकार दिला, तेव्हा झारची बाजू घेणारे जवळजवळ कोणी उरले नव्हते.

आपल्याकडे ही समजूत एका दिवसात गेली नाही. ती हळूहळू गेली आणि ती घालवण्याचे काम संस्थानाच्या सरकारनेच केले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. १९११ मध्ये गादीवर आलेले सातवे निजाम मीर उस्मान अली खान हे निष्क्रिय राजे नव्हते. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले, मुसी नदीच्या महापुरानंतर धरणे झाली, निजामसागर झाला. अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रे ढासळू लागली तेव्हा ती सावरण्यासाठी थेट इटलीहून तज्ज्ञ आणले गेले. अजिंठा आमच्याच मुलखात आहे आणि ती चित्रे आज डोळ्यांना दिसतात याचे बरेचसे श्रेय त्या राजवटीच्या पुराणवस्तू खात्याला दिले पाहिजे. पण त्याच लेण्यांच्या पायथ्याच्या गावातल्या माणसाला आपल्या भाषेत शाळा काढायची असेल तर त्याला परवाना लागत असे आणि तो मिळेलच असे नव्हते. उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. एका देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता यात शंका नाही, पण संस्थानातल्या बहुसंख्य मुलांच्या घरात ती भाषा बोलली जात नव्हती. राजाने काय दिले यापेक्षा रयतेला स्वतः काय करू दिले नाही, हा हिशेब लोक अधिक काळ लक्षात ठेवतात.

आणि करू न देण्याची यादी मोठी होती. सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण ५३’, म्हणजे ५३ क्रमांकाचे सरकारी परिपत्रक, आडवे येई. आधी परवानगी, विषय सांगा, वक्ते सांगा. शाळेला परवानगी, आखाड्याला परवानगी, वाचनालयाकडे संशयाची नजर. यांतले एकेक बंधन पाहिले तर ते कारकुनी वाटते. पण त्याचा एकत्रित परिणाम असा झाला, की ज्यांना राजकारणाशी काही कर्तव्य नव्हते त्यांचेही साधे काम राजकारण ठरले. पुस्तके जमवणारा मास्तर, तालीम चालवणारा पैलवान, गणेशोत्सवात व्याख्यान ठेवणारा वकील हे सगळे एकाच दाराशी येऊन अडू लागले. तोवर वेगवेगळ्या असलेल्या तक्रारींचा धनी एकच आहे, हे त्यांना तेथे उमगले. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, औरंगाबादची सरस्वती भुवन, अंबाजोगाईची योगेश्वरी या संस्थांतून पुढे चळवळीतली माणसे निघाली ती याच कारणाने. हिप्परग्याचे आणि नंतर अंबाजोगाईचे शिक्षक व्यंकटेश खेडगीकर हेच संन्यासानंतर स्वामी रामानंद तीर्थ झाले आणि संपूर्ण संस्थानच्या लढ्याचे नेते झाले.

या माणसांनी सुरुवातीला काय मागितले, ते पाहण्यासारखे आहे. १९३७ मध्ये परतूरला संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढच्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करण्याचे ठरले, तेव्हा तिचे ध्येय होते आसफजाही घराण्याच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती. ‘छत्राखाली’ या अटीसह. म्हणजे राजा हवा होता, फक्त त्याने प्रजेच्या प्रतिनिधींना उत्तर द्यावे एवढेच म्हणणे होते. अर्जाचाच तो मोठा आणि शेवटचा नमुना होता. सरकारने काय केले? संघटनेची रीतसर स्थापना होण्याआधीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, तिच्यावर बंदी घातली. जन्माला न आलेल्या संस्थेला मृत्युदंड! २४ ऑक्टोबरपासून सत्याग्रह सुरू झाला. त्याच हंगामात आर्य समाजाचा सत्याग्रह उभा राहिला, आणि वंदे मातरम् म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून आणि महाविद्यालयांतून काढले गेले. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांच्यापैकीच. १९३९ मध्ये सरकारने राजकीय सुधारणा जाहीर केल्या, पण त्यांत जेमतेम तेरा टक्के मुसलमान असलेल्या संस्थानात हिंदू आणि मुसलमान यांना विधिमंडळात समसमान जागा होत्या आणि अंतिम सत्ता होती तेथेच राहिली. स्टेट काँग्रेसवरची बंदी उठायला १९४६ साल उजाडले. एवढ्या आठ वर्षांत एक पिढी तुरुंगात जाऊन आली होती, आणि छत्राची भाषा कोणाच्या तोंडी उरली नव्हती.

छत्र टिकवण्याचा दुसरा मार्ग तेव्हा अगदी जवळच दिसत होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये आपल्या बहात्तर गावांच्या संस्थानात सत्ता स्वतःहून पंचायतींकडे आणि प्रजेच्या विधिमंडळाकडे सोपवली. औंधमध्ये राजाविरुद्ध उठाव झाला नाही, उलट साताऱ्याच्या भूमिगतांना तेथे आश्रय मिळाला. औंध चिमुकले आणि हैदराबाद अवाढव्य, हा फरक मला मान्य आहे. पण कोल्हापुरात शाहू महाराजांनी आणि बडोद्यात सयाजीरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्या घटना आमच्या लोकांना ऐकून ठाऊक होत्या, आणि तुलना ही राजसत्तेला फार जड जाते.

त्यातही मराठवाड्याची सरहद्द. बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात आणि तिथून पूर्वेला थोडे चालले की निजामाची हद्द. दोन्हीकडे तीच ज्वारी, तीच बोली, तेच सोयरे. १९३७ मध्ये मुंबई इलाख्यात निवडणुका होऊन खेर मंत्रिमंडळ आले. बार्शीचा मेहुणा मतदान करून येतो, सभेला जातो, वर्तमानपत्र वाचतो, आणि परांड्याचा दाजी गावात भजनी मंडळाखेरीज काही जमवू शकत नाही. लग्नाला दोघे एका पंगतीला बसले की बोलणे कशावर येणार? इंग्रजांच्या राज्यातही गुलामीच होती, पण आपल्या घरावरची सावली अधिक गडद आहे हे शेजारच्या अंगणात पाहिल्यावर कळले. पुढे १९४७-४८ मध्ये याच सरहद्दीवर बार्शी, उमरखेड, मनमाड अशा ठिकाणी सशस्त्र लढ्याची केंद्रे उभी राहिली, त्यामागे सोयीबरोबर हा जुना राबताही होता.

शिक्षित वर्गाला बंदीने जागे केले, तसे कुणब्याला लेव्हीने केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्याची सक्तीची वसुली सुरू झाली. आजीच्या सगळ्या आठवणींत ही एकच आठवण अशी होती, की ती सांगताना तिचा आवाज चढत असे. आमच्या वाड्याच्या मागच्या अंगणात पेव होते. ज्वारी त्यात उतरवायची, वर कडबा आणि भुसा टाकायचा, तोंडावर फरशी, फरशीवर माती, आणि शेणाने सारवून टाकायचे, की परक्याला ओळखू येऊ नये. वसुलीची माणसे आली ती लोखंडी पहार घेऊनच. अंगणात हातहातभर अंतरावर पहार ठोकत गेले, एका ठिकाणी पोकळ आवाज आला, आणि तासाभरात फरशी निघाली. पेव उघडल्याबरोबर आत उतरायचे नसते, आतल्या कोंडलेल्या हवेने माणूस गुदमरतो. म्हणून आधी कंदील सोडून पाहतात, तो विझला नाही तर उतरतात. त्यांनी कंदील आजीलाच धरायला लावला. मापे भरली गेली, पोती शिवली गेली, आणि जी ज्वारी राहिली ती मृगापर्यंतसुद्धा पुरणारी नव्हती. त्याच गावातल्या मोठ्या वतनदाराच्या पेवावर पहार पडली नाही, हे ती प्रत्येक वेळी शेवटी सांगायची. तिचा राग लेव्हीपेक्षा या शेवटच्या गोष्टीवर अधिक होता.

तेलंगणात हीच चीड वेठबिगारीशी आणि देशमुखांच्या जमीनहडपीशी जुळली आणि १९४६ पासून कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली सशस्त्र शेतकरी लढा पेटला. मराठवाड्यात ती स्टेट काँग्रेसच्या हाती आली. शिंदीची झाडे तोडणे, करोडगिरीचे नाके जाळणे, लेव्हीला नकार, जंगल सत्याग्रह: हे कार्यक्रम कोणी पुस्तकातून काढले नव्हते. राजाचा खजिना गावात ज्या ज्या ठिकाणी हात घालत असे, त्या त्या ठिकाणी घाव. पाटील-पटवाऱ्यांनी राजीनामे दिले, चावडीतली दप्तरे जाळली गेली. या लढ्यातली ही घटना मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ज्या पाटील-पटवाऱ्यांच्या रूपाने रयतेला राज्य दिसत होते, त्यांनीच राज्याला पाठ दाखवली. राज्य एका माणसाचे नसते; ते हजारो लहान माणसांच्या रोजच्या आज्ञापालनाने चालते, आणि १९४७ च्या पावसाळ्यात आमच्याकडे ते आज्ञापालन थांबू लागले.

जून १९४७ मध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचा मनोदय फर्मानाने जाहीर केला, तेव्हा शेवटची कडी निसटली. ७ ऑगस्टला भारतात सामील होण्याच्या मागणीसाठी लढा सुरू झाला. नोव्हेंबरच्या अखेरीस भारत सरकारशी ‘जैसे थे’ करार झाला, पण गावात जैसे थे काहीच उरले नव्हते. त्याआधीच, १९४६ मध्ये, बिलोलीजवळ अर्जापूर येथे गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली होती. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरखेड केंद्राच्या तरुणांनी उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारखी खेड्यातली बाई हातात हत्यार घेऊन उभी राहिली. नेपाळमध्ये राजे ज्ञानेंद्र यांनी १ फेब्रुवारी २००५ रोजी सगळी सत्ता स्वतःच्या हाती घेतली आणि पुढल्याच वर्षी एप्रिलमध्ये, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या पक्षांनी एकत्र येऊन एकोणीस दिवसांच्या आंदोलनाने त्यांना माघार घ्यायला लावली, ती बातमी मी वाचत होतो तेव्हा माझ्या मनात हाच काळ होता. सगळे अधिकार आपल्याकडे ओढणारा राजा सगळे दोषही आपल्याकडे ओढून घेतो.

आता ज्या भागाविषयी आमच्याकडे दबक्या आवाजात बोलले जाते त्याविषयी. निजामाने रयतेचा आधार गमावल्यावर एका संघटनेचा आधार शोधला. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनची शिकवण अशी होती, की संस्थानातला प्रत्येक मुसलमान सत्तेचा भागीदार आहे. ज्या गरीब विणकराकडे किंवा शेतमजुराकडे राजाने कधी पाहिले नव्हते, त्याला एकाएकी सांगितले गेले की हे राज्य तुझे आहे. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या हाती रझाकारांची, म्हणजे मजलिसच्या सशस्त्र स्वयंसेवकांची, फौज आली आणि गावेच्या गावे लुटली, जाळली गेली. पण हा लढा दोन धर्मांचा होता असे जे सांगतात, त्यांना शोएबुल्ला खान यांचे काय करायचे ते ठरवावे लागेल. ‘इमरोज’चे हे तरुण संपादक संस्थान भारतात विलीन व्हावे असे लिहीत राहिले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. त्यांना मारणाऱ्यांना त्यांचा धर्म ठाऊक होता.

आणि १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर, म्हणजे भारतीय सैन्य संस्थानात शिरल्यानंतर, जे घडले तेही याच इतिहासाचा भाग आहे. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मारल्या गेलेल्या मुसलमानांची संख्या सत्तावीस ते चाळीस हजार असावी असा अंदाज केला, आणि सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही आमची नावे आहेत. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. राजाविरुद्ध उठलेल्या माणसांनी राजाच्या पापाची शिक्षा शेजाऱ्याला दिली. रझाकारांच्या अत्याचारांची यादी वाचून हे झाकता येत नाही, आणि ते झाकल्याने मुक्तिसंग्रामाचे मोठेपण वाढतही नाही. ज्यांनी वीस वर्षे शाळा, वाचनालये आणि सत्याग्रह यांतून लोक घडवले, त्यांच्या कामाचा तो पराभव होता, असे मी मानतो.

काहींचे म्हणणे असते, की भारतीय सैन्याने पाच दिवसांत काम केले, मग उठाव कशाचा? सैन्य आले नसते तर निजाम आपणहून गेले असते असे मीही म्हणणार नाही. पण मेजर जनरल चौधरी यांच्या तुकड्या सोलापूरहून निघाल्या आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आला, तेव्हा वाटेवरच्या गावांतून त्या राज्यासाठी उभे राहणारे कोणी नव्हते. हे उभे न राहणे दहा वर्षांत तयार झाले होते.

राजा राहिला. १९५० ते १९५६ मीर उस्मान अली खान हैदराबाद राज्याचे राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखे घटनात्मक प्रमुख, होते, आणि त्यांना फासावर द्या असे कोणी म्हटले नाही. फ्रान्समध्ये सोळाव्या लुईचे मस्तक उतरवले गेले, आमच्याकडे मात्र लोकांचे वैर त्या व्यक्तीशी नव्हतेच. त्यांना हवे होते ते पुढील काळात तुकड्यातुकड्याने आले. १९४९ मध्ये जागिरी खालसा झाल्या, १९५० मध्ये कूळकायदा झाला, आणि १९५२ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक. ज्या राज्यात सभेचा विषय आधी लिहून द्यावा लागे, तेथे कम्युनिस्ट रवी नारायण रेड्डी तेलंगणातून विक्रमी मतांनी लोकसभेवर गेले आणि स्वामी रामानंद तीर्थही निवडून आले. आमच्या ओढ्याकाठच्या पट्टीचा अर्ज पणजोबांनंतर आजोबांनी नव्या तहसीलदाराकडे पुन्हा केला. या वेळी तो मराठीत होता, मायना एका ओळीचा होता, आणि खाली सही होती. पट्टी मात्र वतनदाराच्याच नावावर राहिली, कारण कूळकायदा आला तरी पीकपाहणीची नोंद करणारा पटवारी तोच होता. आजोबा त्यानंतर अर्जनवीसाकडे गेले नाहीत. ते गावातली माणसे जमवून तालुक्याला मोर्चा घेऊन गेले.